आकाशातून धम्मस्थळे : शहापूर–मुरबाड परिसराच्या निमित्ताने

दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात राजा अजातशत्रूला दिब्बचक्खूचे स्वरूप समजावून देताना तथागतांनी एक साधी उपमा योजली आहे. नगराच्या मध्यभागी, जेथे रस्ते एकमेकांस मिळतात अशा चौकात, एक उंच प्रासाद आहे. त्यावर उभा असलेला डोळस मनुष्य खालची माणसे पाहतो. कोण घरात शिरते, कोण बाहेर पडते, कोण रस्त्याने चालते, कोण चौकात बसले आहे, हे सर्व त्याला स्पष्ट दिसते. उपमेचा विषय साधनेतून प्राप्त होणारे ज्ञान हा आहे आणि त्याची तुलना कोणत्याही यंत्राशी करणे योग्य ठरणार नाही. तथापि उपमेतील एक व्यावहारिक सत्य आपल्या विषयाला लागू पडते. उंचीवर गेल्याने वस्तूंचे परस्परसंबंध कळतात, परंतु पाहणारा 'डोळस' असावा लागतो.

आज असा उंच प्रासाद कोणत्याही विहारातील संगणकावर किंवा उपासकाच्या हातातील दूरध्वनीवर उपलब्ध आहे. सांचीचा स्तूप, नालंदाचे महाविहार, नागपूरची दीक्षाभूमी ही स्थळे उपग्रहचित्रांतून घरबसल्या पाहता येतात. त्यामुळे तरुण उपासकांमध्ये एक स्वागतार्ह कुतूहल निर्माण झाले आहे. आपल्या तालुक्यात, आपल्या डोंगरात प्राचीन धम्माच्या खुणा कोठे असतील, याचा शोध ते या चित्रांत घेऊ लागले आहेत. या कुतूहलाला पद्धतीची जोड मिळाली तर त्यातून मोलाचे कार्य उभे राहील. पद्धत नसेल तर प्रत्येक गोल टेकाडाचा स्तूप होईल आणि त्याचा तोटा आपल्याच इतिहासाला सोसावा लागेल. म्हणून ही चित्रे कशी तयार होतात, त्यांत काय दिसते, काय दिसत नाही आणि ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत त्यांचा उपयोग कसा करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चित्र कसे घडते?

उपग्रहावरील संवेदक पृथ्वीवरून परावर्तित होणारा सूर्यप्रकाश टिपतो. भूमीचे लहान लहान चौरस कल्पून प्रत्येक चौरसातून आलेल्या प्रकाशाची सरासरी नोंदवली जाते. हा चौरस म्हणजे चित्रकण, अर्थात पिक्सेल होय. चौरस जितका लहान, तितके चित्र सूक्ष्म. या गुणाला विभेदनक्षमता म्हणतात.

सांचीच्या महास्तूपाचे उदाहरण घेतले म्हणजे हा मुद्दा स्पष्ट होईल. या स्तूपाचा व्यास सुमारे ३६.६ मीटर आहे. अमेरिकेच्या लँडसॅट मालेतील ज्या चित्रांची विभेदनक्षमता ३० मीटर आहे, त्यांत हा स्तूप जेमतेम एका चित्रकणाएवढा भरतो. तेथे स्तूप आहे हे ज्याला आधीच ठाऊक आहे, त्यालाही तो ओळखता येणार नाही. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या १० मीटरच्या चित्रात तो तीन-चार चित्रकण रुंद होतो, म्हणजे एक ठिपका दिसतो. २००५ साली भारताने सोडलेल्या कार्टोसॅट-१ च्या २.५ मीटरच्या चित्रात तो चौदा-पंधरा चित्रकणांचा होतो आणि त्याचा गोलाकार डोळ्यांना कळतो. एक मीटरहून सूक्ष्म चित्रात वेदिका आणि तोरणांच्या सावल्या दिसू लागतात. २०१९ साली सोडलेल्या कार्टोसॅट-३ ची क्षमता तर सुमारे पाव मीटरपर्यंत पोहोचली आहे. वस्तू तीच, स्थळ तेच. पाहण्याच्या साधनानुसार ती एकदा नाहीशी होते आणि एकदा स्पष्ट होते. म्हणून एखादी गोष्ट चित्रात दिसली नाही एवढ्यावरून ती नाही, असे म्हणता येत नाही.

दुसरी बाब रंगांची. संवेदक मानवी डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशही टिपतो. हिरवी, निरोगी वनस्पती हा प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. त्यामुळे कृत्रिम रंगांच्या चित्रांत दाट वनराई लाल दाखवली जाते. जमिनीखाली जुनी भिंत असेल तर वरचे गवत लवकर वाळते, खंदक बुजलेला असेल तर तेथील ओल अधिक काळ टिकते आणि झाडोरा हिरवा राहतो. अशा फरकांवरून पुरातत्त्वज्ञ गाडलेल्या वास्तूंचा अंदाज बांधतात.

तिसरी बाब काळाची. कोकणात जून ते सप्टेंबर या काळात आकाश ढगांनी झाकलेले असते आणि साध्या चित्रांत डोंगरांऐवजी ढगच दिसतात. पावसाळा संपताच सर्वत्र गवत माजते. फाल्गुन-चैत्रात गवत वाळते, पानगळ होते, तेव्हा जोती, जुन्या वाटा आणि दगडी बांध उघडे पडतात. शहापूर–मुरबाडकडील डोंगर अभ्यासायचे तर मार्च ते मे या महिन्यांतील चित्रे निवडावीत.

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने ऑगस्ट २००९ मध्ये 'भुवन' ही सेवा सुरू केली. 'गूगल अर्थ' २००५ पासून उपलब्ध आहे आणि तीत एकाच स्थळाची जुन्या तारखांची चित्रेही पाहता येतात. भारताचा पहिला कार्यान्वित सुदूर संवेदन उपग्रह आयआरएस-१ए हा मार्च १९८८ मध्ये सोडण्यात आला होता. त्या वेळी ही चित्रे काही मोजक्या संस्थांपुरती होती. आज ती सामान्य उपासकाच्या हाती आली आहेत, हा मोठा बदल आहे.

जे वरून उत्तम दिसते

मोकळ्या जागी बांधलेल्या वास्तू वरून उत्तम दिसतात. जावा बेटावरील बोरोबुदूर हे त्याचे सर्वोत्तम उदाहरण. सहा चौरस मजले, त्यांवर तीन वर्तुळाकार मजले, त्या वर्तुळांत बहात्तर जाळीदार स्तूप आणि मध्यभागी मुख्य स्तूप, अशी ही रचना आहे. तेथे चालणाऱ्या यात्रिकाला एका वेळी एकच भिंत, एकच वळण दिसते. संपूर्ण आराखडा, त्यामागील मंडलाची कल्पना, ही आकाशातूनच एका दृष्टिक्षेपात कळते. बिहारमधील केसरिया येथील स्तूपाची अर्धी बाजू उत्खननाने मोकळी झालेली आणि अर्धी मातीच्या टेकडीखाली झाकलेली आहे. वरून पाहिले म्हणजे स्तूप टेकडीत कसा लपतो, हे एकाच चित्रात दिसते. नालंदा येथे विहारांची रांग आणि तिच्यासमोर चैत्यांची रांग यांची शिस्तबद्ध मांडणी वरून पाहिल्यावर एका विद्यापीठाचा आराखडा म्हणून उमगते.

आपल्या काळातील स्मारकांचेही तसेच आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्तूपाचे लोकार्पण १८ डिसेंबर २००१ रोजी तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले. वरून पाहता त्याचा शुभ्र वर्तुळाकार घुमट आणि चार दिशांची प्रवेशद्वारे स्पष्ट दिसतात व सांचीशी असलेले त्याचे नाते लक्षात येते. मात्र दादरची चैत्यभूमी वरून शोधू गेल्यास किनाऱ्यालगत एक लहानसा घुमट तेवढा दिसतो. महाडचे चवदार तळे तर चित्रात गावातील एक चौकोनी जलाशय आहे. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी तेथे ओंजळभर पाणी घेऊन माणुसकीचा हक्क प्रस्थापित केला, हे कोणत्याही विभेदनक्षमतेच्या चित्रात उमटणार नाही. स्मारकाचे मोठेपण चित्रकणांनी मोजता येत नाही, ही मर्यादा प्रारंभीच ध्यानात ठेवावी.

आपल्या परिसराला सर्वांत जवळचा प्राचीन स्तूप म्हणजे सोपाऱ्याचा. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा स्वतंत्र झाल्यापासून सोपारा त्या जिल्ह्यात गेले, परंतु इतिहासाच्या दृष्टीने कल्याण, शहापूर, मुरबाड यांच्याशी त्याचे नाते अतूट आहे. तेथील विटांच्या टेकाडाला लोक 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याचे उत्खनन केले, तेव्हा दगडी करंड्यात एकात एक ठेवलेली पात्रे, सोन्याची फुले, यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे, सात बुद्ध व मैत्रेय यांच्या आठ धातुमूर्ती आणि भिक्षापात्राचे मानलेले तुकडे सापडले. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा आणि पुढे १९५६ साली नवव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच मिळाला. यातील एकही गोष्ट आकाशातून दिसली नसती. भगवानलालांना तेथे नेले ते प्राचीन ग्रंथांतील 'सुप्पारक' या नावाने, लोकांच्या तोंडच्या कथांनी आणि स्वतः पायी केलेल्या पाहणीने.

जे वरून दिसत नाही

महाराष्ट्रातील बौद्ध वारशाचा फार मोठा भाग लेण्यांच्या रूपात आहे आणि लेणी उपग्रहाला जवळजवळ दिसतच नाहीत. याची कारणे समजून घेतली पाहिजेत, कारण 'वरून पाहिले, काही नाही' असा निष्कर्ष आपल्या भागात सर्वांत घातक ठरेल.

पहिले कारण भूमितीचे. उपग्रह वरून खाली पाहतो. लेणे कड्याच्या उभ्या भिंतीत आडवे खोदलेले असते. शंभर मीटर उंचीचा कडा वरून पाहिल्यास एका बारीक रेषेएवढा होतो. लेण्याचे दार त्या रेषेत हरवून जाते. चित्रात दिसतो तो लेण्याच्या डोक्यावरचा डोंगर.

दुसरे कारण सावलीचे. भूमीची चित्रे घेणारे बहुतेक उपग्रह स्थानिक सौरवेळेप्रमाणे सकाळी साडेदहाच्या सुमारास आपल्यावरून जातात. त्या वेळी, विशेषतः हिवाळ्यात, सूर्य आग्नेयेकडे असतो. सह्याद्रीचा कडा मात्र कोकणाच्या बाजूस, म्हणजे पश्चिमेकडे तुटलेला आहे. साहजिकच मुरबाड तालुक्यावर उभा असलेला तो सर्व कडा चित्रात काळोख्या पट्ट्यासारखा येतो. नाणेघाटाचे लेणे घाटाच्या तोंडाशी पश्चिमेकडे पाहत उभे आहे. मुरबाडच्या सपाटीवरून दुपारनंतर त्या दिशेला पाहणाऱ्याला उन्हात उजळलेला जो कडा दिसतो, तो उपग्रहाच्या सकाळच्या फेरीत सदैव अंधारात असतो.

तिसरे कारण वनस्पतींचे. लेण्यांच्या ओट्यांवर माती साचून झाडे वाढतात व दर्शनी भाग झाकतात. या भागात गुहेला 'गडद' म्हणतात. सोनावळ्याजवळील लेण्याला 'गणपती गडद' हेच नाव आहे. अशा गडदी प्रथम माहीत असतात त्या गुराख्यांना, मध काढणाऱ्यांना आणि ठाकर, कातकरी, महादेव कोळी समाजातील वडीलधाऱ्यांना. त्यांच्या पायांनी जे ज्ञान साठवले आहे, त्याची जागा कोणतेही चित्र घेऊ शकत नाही.

तरीही काही अप्रत्यक्ष खुणा चित्रात मिळतात. लेण्यांना पाण्याची सोय अपरिहार्य असे. प्राकृत शिलालेखांत पाण्याच्या टाक्याला 'पोढि' म्हटले आहे आणि पोढी दान केल्याच्या नोंदी अनेक लेण्यांत आहेत. उघड्या कातळावर खोदलेली मोठी टाकी सूक्ष्म चित्रात काळसर चौकोन म्हणून दिसू शकतात. कातळातून चढणारी वाट एका जागी येऊन संपत असेल, तर ती वाट कशासाठी होती, असा प्रश्न विचारता येतो. उपग्रहचित्र येथे उत्तर देत नाही. ते योग्य प्रश्न मिळवून देते.

दोन वाटांचा प्रदेश

उपग्रहचित्राचे खरे सामर्थ्य वाटा दाखवण्यात आहे. महापरिनिब्बानसुत्तात तथागतांचा स्तूप चार महामार्ग मिळतात तेथे उभारावा, असे सांगितले आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याने तो पाहावा, त्याचे चित्त प्रसन्न व्हावे, हा त्यामागील हेतू. धम्माची स्थळे एकांतात असली तरी माणसांच्या वाटेपासून तुटलेली नव्हती. भिक्षूला पिंडपातासाठी गाव जवळ हवे आणि विहाराला दान देणारा व्यापारी मार्गावरून येणारा हवा. म्हणून जुनी वाट सापडली की स्थळ सापडण्याची शक्यता वाढते.

आता शहापूर आणि मुरबाड यांच्याकडे आकाशातून पाहू. पश्चिमेला कल्याण आणि उल्हास नदीची खाडी, पूर्वेला सह्याद्रीची सलग भिंत. या दोहोंमधील सपाटीवरून दोन वाटा पूर्वेकडे जातात. उत्तरेची वाट वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी असा शहापूर तालुका ओलांडून कसाऱ्यापाशी थळ घाट चढते आणि नाशिकला जाते. मध्य रेल्वे, जुना मुंबई–नाशिक रस्ता आणि आता समृद्धी महामार्ग यांनाही सह्याद्री ओलांडण्यासाठी याच बाजूचा आश्रय घ्यावा लागला. ही वाट नाशिकच्या तिरण्हु पर्वतावरील लेण्यांशी जोडलेली आहे. तेथील उषवदाताच्या लेखात भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग, म्हणजे सोपारा, येथे त्याने विश्रामगृहे बांधल्याचा आणि दमण, दाहानुका आदी नद्यांवर विनामूल्य नावांची सोय केल्याचा उल्लेख आहे.

दक्षिणेची वाट कल्याणहून सुमारे ३० किलोमीटरवर मुरबाडला येते, तेथून वैशाखरे गावावरून नाणेघाट चढते आणि जुन्नरला जाते. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा असे लेणीसमूह आहेत. सर्व मिळून खोदकामांची संख्या सुमारे दोनशे भरते. एका लहान नगराभोवती इतकी लेणी का, या प्रश्नाचे उत्तर पुस्तकापेक्षा चित्रात लवकर मिळते. समुद्रावरून कल्याणला उतरलेला माल ज्या खिंडीतून दख्खनच्या पठारावर चढत होता, त्या खिंडीच्या माथ्यावर जुन्नर बसलेले आहे. तेथील लेण्यांत यवन दात्यांचेही लेख आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण आणि सोपारा या दोन्ही बंदरांची नावे येतात. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांची दाने कोरलेली आहेत आणि एका लेखात कल्याण येथील अंबालिका विहाराचा उल्लेख आहे. तो विहार आज दिसत नाही. त्यावर नगर वसले आहे. परंतु कान्हेरी, कल्याण, मुरबाड, नाणेघाट, जुन्नर हे बिंदू एका चित्रावर मांडले की मुरबाड हा त्या काळी आडबाजूचा मुलूख नव्हता, तर एका महामार्गावरचा टप्पा होता, हे स्वच्छ कळते. ज्या तालुक्यांना आज 'दुर्गम' म्हटले जाते, त्यांच्या भूमीवरून भिक्षुसंघ आणि सार्थवाह चालत गेले आहेत.

दिसते तेवढेच म्हणावे

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नाणेघाटाचा उल्लेख होताच काही उत्साही बंधू त्याला बौद्ध लेणे म्हणतात. त्या लेण्यातील नागनिका राणीचा प्रसिद्ध ब्राह्मी लेख अश्वमेधादी वैदिक यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणांची माहिती देतो. सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा तेथे होत्या. आज त्यांची नावे आणि पायांचे अवशेष तेवढे उरले आहेत. हे सत्य जसे आहे तसे सांगितल्याने आपले काहीही कमी होत नाही. उलट, वैदिक यज्ञ करणाऱ्या राजकुलाच्या राज्यात त्याच मार्गावर सामान्य व्यापारी, कारागीर आणि उपासिका यांच्या दानातून शेकडो बौद्ध लेणी उभी राहिली, ही गोष्ट अधिकच अर्थपूर्ण ठरते.

याच्या उलट प्रकारही आहे. भिवंडी तालुक्यातील लोनाडच्या बौद्ध लेण्यात आज खंडेश्वरी देवीची पूजा होते. सध्याच्या नावावरून किंवा पूजेवरून मूळ संप्रदाय ठरत नाही, हे त्यातून कळते. मात्र हाच न्याय दोन्ही बाजूंनी लावावा लागतो. एखाद्या गडदीत आज दुसरी पूजा आहे एवढ्यावरून ती मुळात बौद्ध होती, असेही सिद्ध होत नाही. स्तूप, चैत्य, शयनासाठी कातळात कोरलेले ओटे, लेख, पोढी यांचा प्रत्यक्ष पुरावा पाहावा लागतो, आणि ते काम आकाशातून होत नाही.

उदान या ग्रंथात बाहिय दारुचीरियाची कथा आहे. तो आपल्याच सुप्पारकाचा, म्हणजे सोपाऱ्याचा राहणारा. तथागतांचा शोध घेत तो श्रावस्तीला गेला. त्याला मिळालेल्या उपदेशाचा आशय असा की, जे पाहिले ते पाहिलेलेच राहू द्यावे, त्यात आपल्या 'मी'ची भर घालू नये. उपदेशाचा मूळ संदर्भ दुःखमुक्तीचा आहे. तरीही उपग्रहचित्र वाचणाऱ्याला याहून उपयुक्त नियम सापडणार नाही. चित्रात गोल उंचवटा दिसला तर वहीत 'गोल उंचवटा' असे लिहावे, 'स्तूप' असे लिहू नये. गोल उंचवटा हा भाताचे खळे असू शकतो, वीटभट्टीचा ढिगारा असू शकतो, जुन्या तळ्याचा गाळ असू शकतो. सरळ रेषा ही शेताचा बांध, जलवाहिनी किंवा विजेच्या तारांखाली तोडलेला जंगलपट्टा असू शकते. तानसा जलाशयातून मुंबईकडे जाणाऱ्या जलवाहिन्या शहापूर तालुक्यात अशाच सरळ रेषा आखतात.

१९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी इतिहासकाराच्या कर्तव्याची चर्चा केली आहे. खरे आणि खोटे, निश्चित आणि संशयित यांची निवड त्याने केली पाहिजे, हे ते मान्य करतात. त्याचबरोबर जेथे दुवे तुटलेले आहेत तेथे तर्काने आणि कल्पनाशक्तीने पूल बांधण्याचा संशोधकाचा अधिकारही ते सोडत नाहीत. या दोन्ही गोष्टी एकत्र घ्यायच्या आहेत. अनुमान जरूर करावे, परंतु ते अनुमान म्हणूनच मांडावे. ज्यांचा इतिहास शतकानुशतके पुसला गेला, त्यांच्या दाव्यांची तपासणी जग अधिक कठोरपणे करते. एक चुकीचा स्तूप जाहीर झाला की दहा खऱ्या स्थळांकडे संशयाने पाहिले जाते.

बदलत्या भूमीची साक्ष

उपग्रहचित्रांचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो सर्वांत निकडीचा आहे. ही चित्रे भूमीतील बदलांची साक्ष ठेवतात. मार्च २००१ मध्ये बामियान येथील महामूर्ती उद्ध्वस्त केल्या गेल्या, तेव्हा तो विध्वंस जगाने पाहिला. आपल्याकडील हानी गाजावाजा न होता होते. खडीसाठी टेकडी फोडली जाते, भरावासाठी टेकाडाची माती उचलली जाते, वसाहतीसाठी माळ सपाट होतो आणि तेथे काय होते याची नोंदही राहत नाही.

शहापूर तालुक्यात हा बदल झपाट्याने होत आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. गेल्या काही वर्षांची चित्रे क्रमाने पाहिली तर डोंगर कापत जाणारी ती रेषा कशी तयार झाली, हे दिसते. महामार्गामुळे लोकांची सोय झाली हे निर्विवाद आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना आता वसाहती आणि गोदामे वाढणार, हेही उघड आहे. म्हणून जी टेकाडे, टाकी, जोती आज शिल्लक आहेत, त्यांची नोंद आजच व्हावयास हवी.

मागे जाण्याचीही सोय आहे. लँडसॅट मालेची चित्रे १९७२ पासूनची आहेत. १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेने टेहळणीसाठी घेतलेली 'करोना' मालेची चित्रे १९९५ साली खुली करण्यात आली. त्यांतील उत्तम चित्रांत दोन मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. जगातील अनेक भागांत पुरातत्त्वज्ञांनी या चित्रांवरून धरणांखाली व शहरांखाली गेलेली स्थळे शोधली आहेत. भातसाचे पाणी भरण्यापूर्वी त्या खोऱ्यातील गावे व वाटा कशा होत्या, हे पाहण्यासाठी अशी जुनी चित्रे आणि सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एकमेकांशेजारी ठेवून पाहता येतील.

विहारांनी काय करावे?

प्रत्येक विहाराने एक नोंदवही ठेवावी, अशी आमची सूचना आहे. काम तीन टप्प्यांत करावे. पहिल्या टप्प्यात चित्र पाहून स्थळाचे अक्षांश-रेखांश, चित्राची तारीख आणि दिसलेली वस्तू यांची नोंद करावी. डोंगराळ भागात चित्र काही मीटर सरकलेले असू शकते, हे लक्षात ठेवावे. दुसऱ्या टप्प्यात गावातील वृद्ध माणसांना भेटावे. शेताचे, टेकडीचे, पाणवठ्याचे नाव विचारावे. 'बुरूड राजाचा कोट' या नावाने काय दडवले होते ते आपण पाहिलेच आहे. स्थळी कोणाची पूजा होत असेल तर आदराने वागावे. शोधासाठी गेलेल्या उपासकाच्या वागण्याने गावात वैर निर्माण झाले तर तो धम्माचा मार्ग नव्हे. तिसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष पाहणी करावी, मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घ्यावीत आणि जाणकाराला दाखवावीत.

काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. स्वतः खोदकाम करू नये. सापडलेली वस्तू घरी किंवा विहारात आणून ठेवू नये. जागेवरून हलवलेल्या मूर्तीचा अर्धा इतिहास तेथेच संपतो. लेखाची अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांत रंग, खडू किंवा तेल भरू नये. केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा प्राचीन स्मारकविषयक कायदा आहे. केंद्रीय कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित आहे. परंतु हे संरक्षण घोषित स्मारकालाच मिळते. ज्याची नोंद नाही, त्याला संरक्षण नाही. तारीखवार उपग्रहचित्रे, छायाचित्रे आणि अक्षांश-रेखांश यांसह केलेला अर्ज हा भावनेच्या भरात लिहिलेल्या दहा निवेदनांपेक्षा अधिक परिणामकारक ठरतो.

महापरिनिब्बानसुत्तात श्रद्धावानाने पाहावीत अशी चार स्थळे सांगितली आहेत. ती 'पाहण्यास' सांगितली आहेत, आणि त्या काळी पाहणे म्हणजे चालत जाणे होते. धम्माला 'एहिपस्सिको' म्हटले आहे. त्यातील 'ये' हा शब्द 'पाहा' या शब्दाच्या आधी येतो. उपग्रहचित्रांनी दूरची स्थळे घरात आणली, हे त्यांचे मोठे उपकार आहेत. जे उपासक-उपासिका वृद्धत्वामुळे किंवा दारिद्र्यामुळे बुद्धगयेला जाऊ शकत नाहीत, त्यांना विहारात एका संध्याकाळी ती सर्व स्थळे दाखवता येतात, आणि तसे कार्यक्रम जरूर व्हावेत. परंतु जे चालू शकतात त्यांनी चित्र पाहून थांबू नये. येत्या फाल्गुन-चैत्रात, गवत वाळल्यावर, प्रत्येक विहारातील चार तरुणांनी आपल्या गावामागचा एक तरी डोंगर नोंदवहीसह चढावा. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत एवढे जरी घडले, तरी कल्याण–नाशिक आणि कल्याण–जुन्नर या दोन प्राचीन मार्गांचा, आपल्या लोकांनी आपल्या हातांनी तयार केलेला, विश्वसनीय नकाशा काही वर्षांत उभा राहील.